ऑस्ट्रेलियातल्या जंगलपट्ट्यातील वाटा माउंटन बायकर्सना मोफत खुल्या करा, ही मागणी योग्य आहे का?

हो, योग्य आहे. पण ठरवून दिलेल्या वाटांपुरतीच, सगळ्या जंगलासाठी नाही. सायकलीमुळे वाटेची जास्त नासधूस होते हा विरोधकांचा मुख्य मुद्दा तितकासा टिकत नाही. अमेरिकेतल्या मोंटानातल्या वाटांवर केलेल्या आणि 1994 साली प्रसिद्ध झालेल्या विल्सन आणि सेनी यांच्या अभ्यासात घोड्यांच्या टापांनी आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी झाल्याचं दिसलं. खरं नुकसान होतं ते सरळ उतारावर मनाने काढलेल्या चोरवाटांनी. पाणी त्यांच्यातून थेट धावतं आणि घळ पडते. अधिकृत वाट उताराला आडवी, पाण्याचा निचरा बघून आखलेली असते. त्यामुळे बंदी घालून चोरवाटा वाढवण्यापेक्षा चांगली वाट उपलब्ध करून देणं जंगलाच्याच हिताचं आहे. टास्मानियातल्या डर्बी या जुन्या कथिल-खाणीच्या गावाने हे करून दाखवलं: 2015 पासून तिथल्या वाटा मोफत खुल्या आहेत आणि गावाला त्यातून नवा रोजगार मिळाला.

मात्र एका बाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. फायटोफ्थोरा सिनामोमी हा मुळं कुजवणारा रोग चाकांना आणि बुटांना चिकटलेल्या ओल्या मातीतून पसरतो. बँक्सियासारखी स्थानिक झाडं त्याने मरतात आणि एकदा जमिनीत शिरला की तो काढून टाकता येत नाही. अशा भागात वाट बंद असेल तर ती बंदच राहायला हवी. इतरत्रही सायकल धुऊन, कोरडी करूनच जंगलात न्या.