स्वतःच्या वेबसाइटसाठी होस्टिंग ओळखीच्या माणसाकडून घ्यावं की मोठ्या कंपनीकडून?

गडांवरच्या भटकंतीची टिपणं आणि वडिलांनी काढलेले जुन्या कोल्हापूरचे फोटो यांची वेबसाइट करायची आहे, वर्षाला तीन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे, आणि राजारामपुरीतल्या ओळखीच्या वेबसाइटवाल्याकडून होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवर, म्हणजे कायम इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर, भाड्यानं घेतलेली जागा) घ्यावं की जाहिरातीतल्या मोठ्या कंपनीकडून, असं तुम्ही विचारलंय. मीही कोल्हापूरचाच. बरीच वर्षं माझी आणि आसपासच्या लोकांची छोटी संकेतस्थळं सांभाळतोय, त्यावरून सांगतो. कोणाकडून घ्यायचं हे ठरवण्याआधी, उद्या त्याला सोडून जाणं किती सोपं आहे ते बघा. कारण होस्टिंग कधी ना कधी बदलावं लागतंच. दर वाढतात, कंपनी दुसऱ्याला विकली जाते, सपोर्ट ढिला पडतो.

त्यामुळे सगळ्यात आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि जमलं तर होस्टिंगपेक्षा वेगळ्या कंपनीकडे नोंदवा. ‘होस्टिंगसोबत डोमेन फुकट’ या ऑफरवर जाऊ नका. ओळखीतल्या एका तालीम मंडळाची वेबसाइट एका होतकरू मुलानं करून दिली होती आणि डोमेन स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, रिन्युअलच्या मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिल्या, कुणी बघितल्या नाहीत आणि नाव हातचं गेलं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मैदानांचे फोटो, मल्लांची माहिती सगळं सर्व्हरवर असूनही लोकांना सांगायला पत्ताच उरला नाही. डॉट कॉमचं नाव मुदत उलटून रद्द झालं, तरी पुढचे 30 दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं. ते दिवसही गेले की मग ते कुणीही घेऊ शकतं.

तुमच्यासाठी डॉट इन पुरेसं आहे. ते निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत येतं. देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून मिळतं आणि मला ते फार आवडतं, पण काही ठिकाणी फॉर्ममध्ये असा पत्ता घेतलाच जात नाही. हौस असेल तर ते जोडीला घ्या, एकटं नको.

आता ओळखीचा माणूस की कंपनी? गावातले बरेचसे होस्टिंगवाले मोठ्या कंपनीकडून जागा घेऊन ती वाटून विकतात. त्यात गैर काही नाही. अडचण आली की मराठीत फोन करता येतो, याची किंमत मी कमी मानत नाही. फक्त कंट्रोल पॅनेलचा (जिथून होस्टिंग सांभाळायचं त्या पानाचा) पासवर्ड तुमच्या हातात हवा, पक्कं बिल हवं आणि संपूर्ण बॅकअप तुम्हाला स्वतः उतरवून घेता यायला हवा. एवढ्याला तो हो म्हणाला तर खुशाल त्याच्याकडून घ्या. ‘पासवर्ड कशाला, मी आहे की’ असं उत्तर आलं तर मैत्री ठेवा, होस्टिंग दुसरीकडे घ्या.

मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत महिन्याचा जो आकडा मोठ्या अक्षरात असतो, तो बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरचा असतो. वर 18 टक्के जीएसटी. मुदत संपल्यावर लागणारा दर त्याच पानावर बारीक अक्षरात असतो आणि तो दुप्पट-तिप्पटसुद्धा निघतो. तुमचे तीन हजार त्या दुसऱ्या दरावर बसतात का, ते बघा. सुरुवातीला एकच वर्ष घ्या. एसएसएलचे, म्हणजे साइटशी जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्या. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि ते आपोआप नवं होत राहण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते.

‘अनलिमिटेड’ जागेलाही मर्यादा असते. फायलींची संख्या आणि प्रोसेसरचा वापर यांवर बंधन असतं, ते अटींत लिहिलेलं सापडेल. फोटो मूळ आकारात चढवू नका. लांब बाजू 1600 पिक्सेल ठेवून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात बदलले, तर चार-पाच एमबीचा फोटो बहुधा काहीशे केबीवर येतो आणि पन्हाळ्याच्या वाटेवर, जिथं रेंज जेमतेम असते, तिथंही उघडतो. सर्व्हर मुंबईत किंवा निदान भारतात मागा. अमेरिकेतल्या सर्व्हरकडे एक फेरी मारायलाच साधारण दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातात आणि एक पान उघडताना अशा बऱ्याच फेऱ्या होतात.

बॅकअपबद्दल मात्र जरा आग्रहानं सांगतो, कारण वडिलांचे फोटो परत काढता येणार नाहीत. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच जागी होते, तेही गेले. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे पंचगंगेचं पाणी पुन्हा घरांत शिरलं. म्हणजे होस्टिंगवाल्याचा ‘रोजचा बॅकअप’ धरून बसू नका आणि घरातल्या एकाच हार्ड डिस्कवरही विसंबू नका. महिन्यातून एकदा पूर्ण प्रत उतरवा, एक घरी ठेवा आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे.

नुसती पानं आणि फोटोच ठेवायचे असतील, वर्डप्रेस (लेख लिहून साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर) नको असेल, तर होस्टिंगचे पैसे द्यायचीही गरज नाही. गिटहब पेजेस या सेवेवर एक जीबीपर्यंतची साइट फुकट राहते, खर्च फक्त डोमेनचा. थोडं तांत्रिक शिकावं लागेल. घरात शिकणारी मुलं असतील तर त्यांना सोबत घ्या.

वर्डप्रेसच घेतलंत तर लेखांचे पत्ते रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. त्यात पत्त्यासाठी 200 अक्षरांची जागा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह त्यातली नऊ खातं, त्यामुळे लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो. हे पहिल्याच लेखापासून पाळा, कारण नंतर पत्ते बदलले की लोकांनी एकमेकांना पाठवलेले दुवे बंद पडू शकतात.