मारवाडी घोडीच्या नोंदणीसाठी अंगावरच्या खुणांचे फोटो कसे काढावेत?

सारंगखेड्याच्या बाजारात घेतलेल्या तुमच्या कुमैत (तांबूस तपकिरी) मारवाडी घोडीचे फोटो 'खुणा स्पष्ट दिसत नाहीत' म्हणून परत आले, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही बहुतेक बाजारातलेच फोटो पाठवले असावेत. तिथे घोडी नटलेली असते. गोंडे, माळा, खोगीर सगळं उतरवा, साधी म्होरकी तेवढी राहू द्या. पाय धुऊन कोरडे करा आणि तिला कडक जमिनीवर उभी करा. गवतात खुरांवरचं पांढरं झाकलं जातं आणि नोंदणीला नेमकं तेच लागतं.

डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून, हे चार फोटो हवेतच. बाजूच्या फोटोत चारही पाय दिसू द्या. मोबाइल पोटाच्या उंचीवर धरा, मागे सरा आणि झूम वापरा. जवळून काढलं की डोकं मोठं आणि मागचे पाय बारीक येतात. समोरून काढताना कुणालातरी चण्याची बादली वाजवायला सांगा, म्हणजे कान पुढे येऊन त्यांची टोकं जुळलेली दिसतील. ऊन कोवळं असावं. फिल्टर नकोच.

आता भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची गोल वळणं. कपाळावरचा टिळा किंवा पायातले पांढरे मोजे कुणालाही दिसतात, पण अंगावर पांढरं फारसं नसेल तर घोडी ओळखायची ती भोवऱ्यांवरूनच. रंग बदलतो. सब्जा (राखाडी) घोडा तर गडद जन्मतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. भोवरा मात्र जन्मभर जागचा हलत नाही. म्हणून घोड्याच्या आंतरराष्ट्रीय पासपोर्टातल्या आकृतीत पांढऱ्या खुणा लाल शाईने आणि भोवरे काळ्या फुलीने दाखवतात.

कपाळावरचे केस बाजूला सारा. दोन्ही डोळे चौकटीत येऊ द्या, म्हणजे भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, ते कळतं. मानेच्या फोटोला आयाळ दुसऱ्या बाजूला टाका, मग तीच मान पलीकडूनही काढा. उजेड तिरका पडला की केसांचं वळण उठून दिसतं.

मानेवरचा देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, लोक कौतुकाने दाखवतात आणि डोळ्याखालचा भोवरा अशुभ म्हणून झाकतात. हे मला मुळीच पटत नाही. झाकलेली खूण पुढे तपासणीत सापडली, तर घोडी तीच का, असा प्रश्न येतो.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे पुसट होतात.