सासरे कॅनडात पायलटचं ट्रेनिंग घेऊन आले पण युद्धात एकही मोहीम नाही, असं कसं?

तुम्ही विचारलंय की तुमचे इंग्रज सासरे दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या एअरफोर्समध्ये भरती झाले, कॅनडात जाऊन पायलट झाले, 1944 च्या शेवटी परत आले आणि लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, जर्मनीवरची एकही मोहीम नाही, तर ते नापास झाले होते का, का घरच्यांपासून काही लपवत होते. माझ्या मते दोन्ही नाही. लॉगबुकात विंग्ज, म्हणजे पायलट झाल्याचा बिल्ला, मिळाल्याची नोंद आहे ना, मग नापासचा प्रश्नच येत नाही.

माझंही सासर तिकडचंच. नवऱ्याला वडिलांचे कागद वाचायचा भारी कंटाळा, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं आणि मग मला नादच लागला. माझे सासरे नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाचा रस्ता काढणारे, तेही कॅनडात शिकलेले, आणि त्यांच्याही लॉगबुकात ट्रेनिंगच ट्रेनिंग, मोहीम एकही नाही.

आधी कॅनडाच का ते सांगते. ब्रिटनचं आकाश लहान, त्यात ढग, रात्री ब्लॅकआउट, वरून जर्मन विमानं कधी येतील नेम नाही आणि चांगले विमानतळ लढणाऱ्या स्क्वाड्रनना, म्हणजे विमानांच्या तुकड्यांना हवेत. म्हणून 17 डिसेंबर 1939 ला ओटावात करार झाला आणि ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची मुलं कॅनडात शिकायला लागली, योजना बंद होईपर्यंत 1,31,553 जण तिथून तयार होऊन बाहेर पडले. दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियातही अशीच केंद्रं होती, आणि अमेरिकेतही. अमेरिका युद्धात उतरायच्या आधी तर ही पोरं कॅनडातून साध्या कपड्यांत तिकडे जायची, कारण देश तटस्थ, परक्या सैन्याचा युनिफॉर्म घालून कसं फिरणार!

आता मुख्य गोष्ट. हे ट्रेनिंग भयंकर लांबलचक होतं आणि त्यात शिकण्याइतकाच वेळ वाट बघण्यात जायचा. अठराव्या वर्षी नाव द्यायचं, मग घरी बसा, बोलावू तेव्हा या. बोलावणं आलं की लंडनला लॉर्ड्स क्रिकेट ग्राउंडवर हजर (हो, तेच लॉर्ड्स, तिथे भरतीचं केंद्र होतं), मग टॉर्कीसारख्या समुद्रकाठच्या गावात कवायत आणि थिअरी, मग टायगर मॉथ या शिकाऊंच्या छोट्या विमानावर बारा तास उडवून बघायचे की हा पायलट होणार, नॅव्हिगेटर होणार की बॉम्ब टाकणारा, आणि मग मँचेस्टरजवळ हीटन पार्कला जहाजाची वाट बघत पावसात पडून राहायचं. जहाजाने अटलांटिक ओलांडून कॅनडातल्या मंक्टनच्या डेपोत पुन्हा मुक्काम, तिथून लांबच्या लांब ट्रेनचा प्रवास आणि मग कुठे खरी शाळा सुरू. तुमच्या सासऱ्यांच्या लॉगबुकात आधी टायगर मॉथ किंवा कॉर्नेल आणि पुढे हार्वर्ड किंवा ऑक्सफर्डसारखं विमान दिसेल. हार्वर्ड एका इंजिनाचं, ऑक्सफर्ड दोन इंजिनांचं, म्हणजे पुढे त्यांना फायटरकडे पाठवायचा विचार होता की बॉम्बरकडे याचा साधारण अंदाज त्यावरून येतो.

थोडं विषयांतर. माझे सासरे कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात शिकले, तिथे सगळं सपाट, रेल्वेचे रूळ आणि रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे, आणि धान्याच्या उंच कोठारांवर गावाचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलेलं. वाट चुकली की पायलटला सांगायचं जरा खाली घे, नाव वाचायचं, नकाशात शोधायचं आणि मग अगदी साळसूदपणे चार्टवर गणिताने काढल्यासारखं लिहून टाकायचं. पेन्सिल, कंपास, वाऱ्याचा त्रिकोण, दर सहा मिनिटांनी हिशोब (सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, वेगाला दहाने भागलं की अंतर). आणि ॲन्सन विमानाची जुनी मॉडेल्स असली की चाकं वर घ्यायला हँडलचे शंभरावर फेरे, ते काम अर्थातच शिकाऊ पोराचं. हेच लोक इंग्लंडात परतले की खाली अंधार, धुकं आणि वेडेवाकडे रस्ते, म्हणून तिथली सवय व्हावी म्हणून आणखी एक कोर्स, मग ओटीयू, म्हणजे लढाईच्या विमानावरचं ट्रेनिंग, आणि मोठं बॉम्बर असेल तर त्याच्यावरचं वेगळं.

म्हणजे भरतीपासून स्क्वाड्रनपर्यंत दोन वर्षं सहज जायची. 1944 मध्ये जी मुलं शिकत होती त्यांची गरज आधीच्या नुकसानीवरून ठरवलेली, आणि बॉम्बर कमांडचं, म्हणजे आरएएफच्या बॉम्बर विमानांच्या विभागाचं, नुकसान होतंच तसं भयानक, अख्ख्या युद्धात 55,573 जण गेले. पण 1944 च्या मध्यापासून जर्मन एअरफोर्स ढेपाळली, माणसं कमी मरायला लागली आणि नळ बंद केला तरी पाइपातलं पाणी येतच राहतं तसं झालं. 31 मार्च 1945 ला कॅनडातली योजना बंदच केली. तयार पोरं इंग्लंडात परतून हॅरोगेटसारख्या ठिकाणी नुसती बसून, कुणाला जमिनीवरची कामं दिली, कुणाला सरळ आर्मीत पाठवलं. तेव्हा तुमच्या सासऱ्यांच्या कोऱ्या पानांत काही लफडं शोधू नका. आणि ट्रेनिंग म्हणजे सेफ असंही नाही हं, बॉम्बर कमांडचे हजारो लोक शत्रूच्या गोळीने नाही तर ट्रेनिंगच्या आणि इतर अपघातांत गेले.

एक गोष्ट मात्र नक्की बघा. लॉगबुकाच्या शेवटी 1945 च्या सुरुवातीला हॉट्सपर किंवा होर्सा असं काही लिहिलंय का? ती ग्लायडर्स, म्हणजे इंजिन नसलेली विमानं. नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या लढाईत सप्टेंबर 1944 मध्ये आर्मीचे ग्लायडर पायलट इतके गेले की ती जागा भरायला आरएएफचे असे रिकामे बसलेले पायलट घेतले, आणि 24 मार्च 1945 ला ऱ्हाइन नदीपलीकडे ग्लायडर उतरवणाऱ्यांत त्यातले बरेच होते. तुमच्याकडे तशी नोंद निघाली तर मोहीमच नाही हे म्हणणं तिथेच संपलं.

बाकी लाल शाईतल्या नोंदी म्हणजे रात्रीची उड्डाणं, आणि डीसीओ म्हणजे ठरलेलं काम पूर्ण केलं. कुठल्या तारखेला कुठल्या डेपोत होते हे लॉगबुकात सगळं सापडेलच असं नाही कारण त्यात मुख्यतः उड्डाणं असतात, त्यासाठी सर्व्हिस रेकॉर्ड मागवावं लागतं. ही रेकॉर्ड्स संरक्षण खात्याकडून हळूहळू लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे जातायत, तेव्हा आधी तिथे चौकशी करा. अर्ज मुलाच्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या नावाने करा, आणि सर्व्हिस नंबर लॉगबुकाच्या आत कुठे लिहिलाय का ते बघा, नंबर असला की शोधायला सोपं जातं.