क्रँक पुलीचा बोल्ट हलत नाही

प्रश्न : माझ्या जुन्या, पाच गिअरच्या पेट्रोल मोटारीचा टायमिंग बेल्ट बदलण्याचे काम मी घरीच काढले आहे, पण क्रँक पुलीचा (क्रँक म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरील चाकाचा) मधला बोल्ट काही केल्या सैल होत नाही. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून, मुलाला ब्रेकवर बसवून, पान्याला मीटरभर पाईप लावून जोर दिला, तर बोल्टसह क्रँकच सावकाश फिरतो. घर किनाऱ्याजवळ असल्याने खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजला असावा. ओळखीचे एक मेकॅनिक पाना चॅसिसला टेकवून स्टार्टर मारायला सांगतात. तसे करावे का?
— एक वाचक, मिरामार

उत्तर : स्टार्टर मारू नये, त्याचे कारण पुढे देतो. आधी, क्रँक का फिरतो ते पाहू. चाके ब्रेकने घट्ट धरलेली असताना क्रँक फिरतो, तेव्हा मध्ये क्लच घसरत असतो. क्लच प्लेट इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा (पिळापेक्षा) थोडाच अधिक भार पेलेल अशी बनवलेली असते. लहान पेट्रोल गाडीत हा कमाल टॉर्क १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, आणि मीटरभर पाईपच्या टोकाला आपण ३० किलोंचा जोर दिला, की बोल्टवर जवळपास ३०० न्यूटन-मीटर येतात. पाचवा गिअर निवडलात ते योग्यच होते, कारण खालच्या गिअरमध्ये तोच पीळ चाकांपाशी कितीतरी पटींनी वाढून ब्रेकवर येतो. मात्र क्लचपुढे त्याचा उपयोग नाही.

म्हणून धरायचे ते क्रँकलाच. पुलीला षटकोनी खाच किंवा भोके असतील, तर त्यांत बसणारा पुली होल्डर वापरावा. तशी सोय नसल्यास स्टार्टर काढून, त्या जागेतून क्रँकच्या दुसऱ्या टोकावरील फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकणारे, त्याच इंजिनासाठी बनवलेले लॉकिंग टूल लावावे. तेथे स्क्रूड्रायव्हर खुपसण्याचा मोह अनेकांना होतो. एखादा दाता तुटला, की गिअरबॉक्स उतरवण्याचे काम वाढते.

गंजाचा संशय गोव्यात कोणालाही येईल, पण येथे तो बहुधा निराधार आहे. बोल्टचे आटे क्रँकच्या पोटात, वॉशर आणि पुलीच्या आड असतात. तेथे खारी हवा सहसा पोहोचत नाही आणि वरून मारलेले गंज सोडवणारे तेलही पोहोचत नाही. हा बोल्ट मुळातच फार घट्ट आवळलेला असतो. ब्लो-लॅम्पने तापवणे तर टाळाच. पुलीमागचे ऑइल सील आणि पुलीतले रबर दोन्ही जळतात.

क्रँक धरल्यावर सहा कोनी सॉकेट पूर्ण आत बसवावे, एक्स्टेन्शन लागलेच तर त्याचे बाहेरचे टोक घोडीवर टेकवावे (सॉकेट तिरपे झाले, की बोल्टचे डोके गोल होते) आणि हिसके न देता जोर वाढवत न्यावा. ठोके देत बोल्ट फिरवणारी इम्पॅक्ट गन मिळाली तर काम बरेच सोपे होते, कारण तिचे ठोके इतके क्षणिक असतात की क्रँकचे जडत्वच त्याला जवळजवळ रोखून धरते. मात्र तेव्हा इम्पॅक्टचेच काळे सॉकेट घ्यावे आणि एक्स्टेन्शन शक्यतो वगळावे; लांब दांडा पिळवटून ठोका गिळून टाकतो. खाणीच्या ट्रकांची चाके खोलणाऱ्यांकडची अवजड गन मात्र या कामाला नको.

आता स्टार्टरबद्दल. इंजिन पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर ही युक्ती कधी कधी साधते. होंडाची काही जुनी इंजिने उलट फिरतात, आणि त्यांत बोल्ट उलट आवळलाच जाईल. शिवाय निसटलेला पाना रेडिएटर फोडेल किंवा मनगट, हे आधी सांगता येत नाही.

बोल्ट निघाल्यावर पुली सहज सरकत नसेल, तर पुलरचे (पुली ओढून काढणाऱ्या अवजाराचे) पंजे बाहेरच्या कड्याला लावू नका. रबर फाटून कडे सुटते. पुलीला क्रँकवर जागच्या जागी धरणारी चावी आणि तिची खाच झिजली आहे का, ते पाहा. मॅन्युअलमध्ये टॉर्क देऊन पुढे अंशांत फिरवायला सांगितले असल्यास बोल्ट शक्यतो नवाच घाला आणि आट्यांना तेल लावायचे की नाही, हेही त्यातच पाहून ठरवा.