११ लाइक, त्यातले ९ कमिटीचे

प्रश्न : फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावची लायब्ररी मी एकटीच सांभाळते. कमिटीने सांगितलं म्हणून फेसबुक पेज काढलं, रोज सुविचार नाहीतर कुणाची तरी जयंती टाकते. लाइक येतात ११, त्यातले ९ कमिटीचेच. पेपर वाचायला येणारे चार आजोबा सोडले तर कोणी फिरकत नाही. आता म्हणतात इन्स्टाग्रामवर रील कर. करू का?
— एक ग्रंथपाल

उत्तर : ताई, रीलचं नंतर बघू, आधी ते सुविचार बंद करा. ते सकाळी सातला सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर येतातच, त्यासाठी लायब्ररी कशाला! तुमच्याकडे कपाटं आहेत, आणि त्यांत काय आहे हे गावाला माहीतच नाही.

नाटकांचंच घ्या ना. दिवाळीनंतर देवळांच्या जत्रा आणि काले सुरू होतात, तिथे नाटकं होतात, त्याआधी वाड्यावाड्यावरची पोरं नाटक शोधत फिरतात, आणि त्यांचे प्रश्न ठरलेले, बायकांची पात्रं किती, सेट एकच चालेल का, किती वेळ चालतं. एका दुपारी नाटकांचा कप्पा काढून बसा, एकेका पुस्तकाचा फोटो घ्या आणि खाली 'पुरुष ५, स्त्री २, एकच सेट, दोन अंक' एवढंच लिहा. प्रयोगाची परवानगी लेखकाकडून किंवा वारसांकडून घ्यावी लागते हेही टाका. गणेश चवथीच्या आसपास टाकलंत तर बरं, कारण एकदा तालमी सुरू झाल्या की कोण बघतंय. चवथीच्या आधी माटोळीसाठी (गणपतीवर बांधतात ती फळापानांची सजावट) झाडाफळांची पुस्तकंही अशीच दाखवता येतील, असली तर.

आता टाकायचं कुठे, तर गावात व्हॉट्सअ‍ॅपच. ग्रुप नको, बायकांना आपला नंबर सगळ्यांना दिसलेला आवडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पण गुड मॉर्निंग सुरू. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, फक्त लायब्ररीचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून मेंबर पुस्तक बदलायला आला की तिथेच त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या.

खरी गंमत उत्तरात आहे. कुणी विचारलं 'हे पुस्तक आहे का' तर त्याच दिवशी कपाटात बघून 'आहे, तीन दिवस तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय' असा फोटोसकट रिप्लाय द्या, मग माणूस येतोच. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले त्यातला चौथा हाच, वाचकाचा वेळ वाचवा. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं एवढंच.

पुस्तकांच्या पीडीएफ मात्र कुणी कितीही मागितल्या तरी पाठवू नका, लेखक गेल्यावरही ६० वर्षं कॉपीराइट असतो. कुणी कुठलं पुस्तक नेलं हेही पेजवर नको, आणि मुलांचे फोटो आईवडिलांना विचारूनच.

पणजीच्या सेंट्रल लायब्ररीला १८३२ पासूनचा इतिहास आहे, त्यांनी जुनं काही दाखवलं की लोक बघतात. तुमच्याकडे तेवढं नसेल पण जुने दिवाळी अंक असतीलच, त्यांतल्या साबणाच्या नि रेडिओच्या जाहिराती टाकून बघा.

आणि रील करायचंच असेल तर त्या चार आजोबांना विचारा, तरुणपणी जत्रेतल्या नाटकात काम केलेला, कदाचित स्त्रीपार्टही केलेला, एखादा त्यांच्यात निघेल. तेच नाटक त्यांच्या हातात द्या आणि दोन वाक्यं म्हणू दे. शेअर करायला त्यांची नातवंडं आहेत.