आउटलायरला ‘अपवाद’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: घरगुती वीजवापराच्या एका छोट्या सर्वेक्षणाचा अहवाल मराठीत लिहायचा आहे आणि त्यात ‘आउटलायर’ (बाकीच्यांपासून फार लांब पडलेली नोंद) हा शब्द पानोपानी येतो. सहकाऱ्यांपैकी एकाने ‘अपवाद’ सुचवला, दुसऱ्याने ‘विसंगत नोंद’. यातला कोणता घ्यावा? आणि ‘आउटलायर काढून टाकले’ हे वाक्य नीट मराठीत कसं लिहावं?

माझं मत आधी सांगतो. दोन्ही शब्द टाळा आणि ‘एकांडी नोंद’ म्हणा. पण कारणं पाहिल्याशिवाय हे पटणार नाही, कारण इथे शब्द चुकला की पुढची कृतीही चुकते.

तुमच्याच विषयातलं एक कल्पित उदाहरण घेऊ. नऊ घरांचा महिन्याचा वापर, युनिटमध्ये: 62, 68, 71, 74, 75, 79, 83, 88 आणि 790. सरासरी निघते जवळपास 154. नऊपैकी एकाही घराचा वापर या आकड्याच्या आसपास नाही. शेवटची नोंद सोडली तर उरलेल्या आठ घरांची सरासरी बरोबर 75 येते, आणि नऊही घरं धरली तरी मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात मधोमध येणारी नोंद, 75च आहे. आता 790 म्हणजे काय? कुणी 79 लिहिताना एक शून्य जास्त टाकलं असेल. किंवा त्या घराला जोडून पिठाची गिरणी चालत असेल आणि दोन्हीला मीटर एकच असेल. पहिल्या शक्यतेत आकडा खोटा आहे. दुसरीत तो शंभर टक्के खरा आहे, आणि कदाचित सगळ्या सर्वेक्षणातली सगळ्यात कामाची माहिती तोच देतो आहे. नुसत्या आकड्याकडे बघून हे ठरत नाही. म्हणून नाव असं हवं की ते फक्त ‘हा बाकीच्यांपासून लांब आहे’ एवढंच सांगेल आणि निकाल देणार नाही.

या कसोटीवर ‘अपवाद’ घसरतो. अपवादाला आधी नियम लागतो. संस्कृत व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद ही जोडी आहे: उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम, अपवाद म्हणजे त्याला बाध आणणारा विशेष नियम. म्हणजे अपवादालाही स्वतःचं शास्त्र असतं, तो ठरवून केलेला असतो. 79च्या जागी पडलेलं 790 हा कसला अपवाद? ती हातचूक आहे. शिवाय या शब्दाला ‘लोकापवाद’मधली निंदेची छटाही आहे, ती इथे उगाच येते.

‘विसंगत’ची अडचण उलट आहे. विसंगत म्हटलं की दोष दिला. वाचणारा मनात म्हणतो, विसंगत आहे तर काढा की! गिरणीवाल्या घराच्या वापरात विसंगत काहीच नाही.

‘टोकाचं मूल्य’ हा शब्दही कानावर येतो आणि तो खरोखरच दिशाभूल करतो. कोणत्याही यादीला दोन टोकं असतातच. वरच्या यादीत 62 हे खालचं टोक आहे, पण ते शेजाऱ्यांना धरून बसलं आहे. आणि याहून मोठी गोष्ट: टोकाला नसूनही नोंद वेगळी पडू शकते. एखाद्या अर्जात वय 9 लिहिलं आहे आणि अपत्यं 2. वयाच्या स्तंभात 9 असायला हरकत नाही, अपत्यांच्या स्तंभात 2 तर अगदी नेहमीचे. दोन्ही एका ओळीत आले की मात्र ती ओळ उठून दिसते. टोक कुठेच नाही.

‘असामान्य’ला मराठीत कौतुकाचा वास आहे, असामान्य बुद्धी म्हणतो आपण. ‘बहिःस्थ’ अर्थाने जवळ येतो, पण तो कॉलेजात न जाता परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांनी केव्हाच अडवला आहे. ‘उपरा’, ‘आगंतुक’, ‘चुकार’ यांत त्या नोंदीचा इथे हक्क नाही असं सुचतं.

मग ‘एकांडा’. हा शब्द आज बहुतेकांना ‘एकांडा शिलेदार’ या जोडीतून माहीत असतो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. बारगिराला ती सरकारातून मिळत. आणि एकांडा तो, जो पथकाबरोबर नसून एकटा आहे. यात तो शूर की भित्रा, आपला की परका, काहीच सांगितलेलं नाही. फक्त त्याची जागा सांगितली आहे: पथक तिकडे, हा इकडे. आपल्याला नेमकं हेच हवं होतं. गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचा प्रवासही असाच आहे. तोही आधी माणसाबद्दल वापरला जाई, आपल्या कामाच्या ठिकाणी न राहता बाहेर मुक्काम करणाऱ्याबद्दल. भूशास्त्रात तो जुन्या खडकांनी वेढलेल्या नव्या खडकाच्या सुट्या तुकड्यासाठी वापरतात. तिथेही फक्त जागा सांगितली जाते, दोष दिला जात नाही.

व्याकरणाच्या दृष्टीनेही तो सोयीचा आहे, कारण विशेषण म्हणून सहज चालतो: एकांडा बिंदू, एकांडी नोंद, एकांडं मूल्य, एकांड्या नोंदी. एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो. अशा नोंदी कधीकधी दोन-तीन मिळून येतात आणि एकमेकींना झाकतात, म्हणजे एकीमुळे दुसरी वेगळी दिसत नाही. तेव्हा ‘एकांड्या’ म्हणणं जरा खटकेल. पण मुख्य समूहापासून त्या तुटलेल्याच असतात, त्यामुळे मला तो आक्षेप शब्द सोडून देण्याइतका मोठा वाटत नाही.

आता क्रियापदांकडे येतो. माझ्या मते खरी मेख तिथे आहे.

एकांडी नोंद सापडते कशी? यासाठी ‘पकडणे’ नको, ‘हेरणे’ वापरा. चोराला पकडतात, हेरणाऱ्याने अजून काही ठरवलेलं नसतं. हेरण्याची सर्वांत सुटसुटीत रीत जॉन ट्यूकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची. त्याने वापरलेली प्रतिमा चक्क कुंपणाची आहे. पहिलं आणि तिसरं चतुर्थक (चढत्या यादीच्या खालच्या आणि वरच्या अर्ध्या भागाचा मध्यक) काढायचं, त्यांच्यातल्या अंतराची दीडपट त्यांच्यापासून दोन्ही बाजूंना बाहेर मोजायची आणि तिथे कुंपण घालायचं. आपल्या यादीत मध्यकाच्या खालच्या आणि वरच्या चार-चार नोंदींवरून चतुर्थकं 69.5 आणि 85.5 येतात. अंतर 16, दीडपट 24, म्हणून कुंपणं 45.5 आणि 109.5 वर. आठ घरं आत, 790 बाहेर.

दुसरी लोकप्रिय रीत म्हणजे सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे जे असेल ते वेगळं काढणं (प्रमाण विचलन म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचं माप). छोट्या यादीत तिच्यावर विसंबू नका. इथे प्रमाण विचलन सुमारे 238 येतं आणि 790 हे सरासरीपासून 2.67 विचलनांवर थांबतं, म्हणजे सुटतं! हा योगायोग नाही. एकांडी नोंद सरासरीला आपल्याकडे ओढते आणि विचलनही फुगवते, मोजपट्टीच ताणते. नऊ नोंदींत कोणताही आकडा, तो सात लाख नव्वद हजार असला तरी, 2.67च्या पुढे जाऊच शकत नाही. नोंदी दहा किंवा त्याहून कमी असतील तर तीनची मर्यादा कधीच ओलांडली जात नाही. हे समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो. इतका सर्रास वापरला जाणारा नियम, आणि लहान नमुन्यात तो साफ आंधळा.

हेरल्यानंतर काय करायचं? आपल्याकडे ‘खड्यासारखं बाजूला काढणं’ हा वाक्प्रचार आहे, आणि तांदूळ निवडणाऱ्या हातांची ती सवय आपल्या विचारातही उतरते. खडा दिसला की फेकला. पण 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याने सुमारे 74. ज्याने ती रात्र पाहिली नाही त्याच्यापुढे हे दोन आकडे ठेवले, तर तो 944 हा टंकनदोष समजेल, दशांशचिन्ह सरकलं म्हणेल. आकडा खरा होता. तो खडा म्हणून फेकला असता, तर मुंबईची गटारं किती पाण्यासाठी बांधायची या हिशेबातून नेमका तोच दिवस गेला असता.

म्हणून ‘काढून टाकले’ लिहू नका. मराठीत याहून नेमकी क्रियापदं आहेत. कागद पाहून चूक सिद्ध झाली तर ‘दुरुस्त केली’. नोंद यादीत ठेवली पण हिशेबात धरली नाही तर ‘वगळली’. दोन्ही टोकांच्या ठरावीक टक्के नोंदी सोडून सरासरी काढली तर ‘छाटलेली सरासरी’. नोंद राहू दिली पण तिची किंमत जवळच्या साध्या नोंदीइतकी धरली तर ‘काठावर आणली’. आणि काहीच न करता सरासरीऐवजी मध्यक दिला तर तसं सरळ सांगा. घरगुती वापरासारख्या एका बाजूला लांबलेल्या माहितीत बहुतेक वेळा तेच उत्तम. ‘पुसली’ हे क्रियापद मात्र अहवालात कधीच येऊ नये.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘नऊपैकी एक नोंद (790 युनिट) एकांडी आढळली. त्या घरी पुन्हा जाऊन मीटर पाहिला. वापरात पिठाच्या गिरणीचा समावेश असल्याने घरगुती सरासरीतून ती वगळली आहे. ती धरून सरासरी 154, वगळून 75.’