जुनी सिस्टिम, मोठी डिस्क : वाचकांची प्रश्नोत्तरे

आमच्या छापखान्यात विंडोज ९८चा एक संगणक अजून चालू आहे. पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट, पत्रिकांच्या फायली सगळं त्यातच. ४ जीबीची हार्ड डिस्क आता कटकट आवाज करते. जुनी १६० जीबीची आयडीई (रुंद, चपट्या केबलची) डिस्क स्वस्तात मिळतेय. सगळं जसंच्या तसं तिच्यावर हलवता येईल का? (सांगली)

हलवता येईल, पण १६० जीबीच्या नादी लागू नका. विंडोज ९८चा आयडीई ड्रायव्हर १३७ जीबीच्या पुढे मोजू शकत नाही. तिथपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. त्यापुढे लिहायला गेलं की तोच मजकूर डिस्कच्या सुरुवातीला, फायलींच्या नोंदींवर जाऊन आदळतो. शिवाय बायोसचा, म्हणजे संगणक चालू करताच आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा, अडसर आहेच. १९९९च्या आधीचे कित्येक 'अवॉर्ड' कंपनीचे बायोस ३२ जीबीहून मोठी डिस्क दिसली की सुरू होतानाच गप्प होतात, आणि त्याहून जुन्यांची धाव ८.४ जीबीपर्यंतच. माझं मत विचाराल तर ८ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड) आणि ४० पिनांचा आयडीई अडॅप्टर घ्या. पत्रिकांना ते भरपूर झालं.

आता त्या आवाजाविषयी. अशा डिस्कवर स्कॅनडिस्क (तपासणी) किंवा डिफ्रॅग (फायलींची फेरमांडणी) चालवणं म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं. संगणक बंद करा, डिस्क काढा आणि लिनक्स असलेल्या यंत्राला जोडून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल एका फायलीत, घ्या. हा प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग उचलतो, खराब सेक्टरांकडे (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांकडे) नंतर वळतो. मॅप फाइल (झालेल्या कामाची नोंद) द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच थांबलं तरी काम तिथूनच पुढे चालू करता येतं. इमेज हाती आली की ती कार्डावर उतरवा. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं, हे डिस्कचा मॉडेल क्रमांक आणि आकार पाहूनच ठरवा. उलटी कॉपी झाली तर परतीची वाट नाही. विंडोज १०ला जोडल्यावर 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर अर्थातच नाही.

कॉपी झाली, संगणकही सुरू झाला. पण १६ जीबीच्या कार्डावर ४ जीबीच दिसतात. (नाशिक)

सेक्टरशः कॉपीत जुनं पार्टिशन (डिस्कवर आखलेला विभाग) जुन्याच मापाचं येतं. लिनक्सवरच्या जीपार्टेडने ते वाढवता येतं, पण मी सी ड्राइव्हला हात लावत नाही. उरलेल्या जागेत दुसरं पार्टिशन करतो. मग सीडी ड्राइव्हचं अक्षर डीवरून ई होतं आणि सीडी मागणारे जुने प्रोग्रॅम रुसतात. डिव्हाइस मॅनेजरमधून सीडीला आधीच पुढचं अक्षर देऊन ठेवा.

इमेजच्या भानगडीत न पडता लिनक्समधून विंडोज ९८च्या सगळ्या फायली नव्या डिस्कवर नेल्या. बूट सेक्टरही (जिथून सिस्टिम सुरू होते तो भाग) दुरुस्त केला. विंडोज सुरू होतं, काही प्रोग्रॅम मात्र 'फाइल सापडत नाही' म्हणतात. फायली तर समोर दिसतात! (पुणे)

दिसतात ती लांब नावं. प्रत्येक लांब नावामागे एक आठ अक्षरी छोटं नाव असतं आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) कित्येक ठिकाणी तेच नोंदलेलं असतं. 'मायक्रोसॉफ्ट'ने सुरू होणारे दोन फोल्डर असले, तर त्यांची छोटी नावं मायक्रो~१ आणि मायक्रो~२ अशा थाटाची. कॉपी करताना ही नावं नव्याने पडतात. क्रम बदलला की एकाचं नाव दुसऱ्याला जातं. डिस्क धडधाकट असेल तर इमेजच घ्या. शुद्ध डॉसमधल्या एक्सकॉपी या कॉपीच्या कमांडच्या वाटेला तर जाऊच नका, त्यात लांब नावं मुळातच उरत नाहीत.

३८६ संगणकात ४० एमबीची डिस्क, डॉस ६.२२. ती सेक्टरशः ५१२ एमबीच्या कार्डावर उतरवली. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' असा संदेश येतो. (ठाणे)

तुमच्याकडे मात्र इमेज उपयोगाची नाही. त्या काळातल्या ४० एमबीच्या डिस्कचं माप बहुधा ९८० सिलिंडर (वर्तुळांचे संच), ५ हेड (वाचणारी डोकी), १७ सेक्टर असं काहीतरी असतं. ट्रॅकमध्ये, म्हणजे तबकडीवरच्या एका वर्तुळात, १७ सेक्टर, म्हणून पार्टिशन पहिल्या १७ सेक्टरांनंतर सुरू होतं. तुमच्या कार्डाच्या मापात ट्रॅकला ६३ सेक्टर. डिस्कच्या सुरुवातीचा बूट रेकॉर्ड सांगतो 'हेड १, सेक्टर १'. बायोस इमानाने ६३ सेक्टर ओलांडून तिथे जातो आणि त्याला भलताच मजकूर सापडतो.

कार्ड त्याच संगणकात लावा आणि फ्लॉपीवरून सुरू करा. एफडिस्क या डॉसच्या प्रोग्रॅमने आधीचं पार्टिशन काढून नवं करा, ते ॲक्टिव्ह (सुरू होण्याजोगं) करा, संगणक पुन्हा सुरू करा, मग फॉरमॅटला /एस देऊन सिस्टिम फायली चढवा. जुनी डिस्क स्लेव्ह (त्याच केबलवरची दुसरी डिस्क) म्हणून जोडून बाकीचं एक्सकॉपीने आणा. डॉसमध्ये लांब नावांचा प्रश्न नाही. कार्डावर ५०४ एमबीच्या पुढे जागा असलीच, तर बायोस जुना असल्याने ती सोडून द्यावी लागेल.

अकाउंटिंगच्या प्रोग्रॅमला प्रिंटर पोर्टवरचं लॉक (छोटा प्लग, तो नसेल तर प्रोग्रॅम चालत नाही) आहे. डिस्क बदलल्यावर चालेल? (कोल्हापूर)

लॉक पोर्टवर आहे, त्याला डिस्कशी देणंघेणं नाही. मात्र काही प्रोग्रॅम डिस्कचा व्हॉल्यूम क्रमांक तपासतात. तो फॉरमॅट केल्यावर बदलतो, इमेजमध्ये जसाच्या तसा येतो. काम सुरू करण्याआधी 'व्हॉल' कमांडने तो पाहून कागदावर उतरवून ठेवा.